बंधाऱ्यापलीकडचा कोस

शालन,

तू गेलीस त्याला आज पंचवीस दिवस झाले. मधे चार रविवार गेले. पहिले तीन रविवार माझी सायकल ओसरीत भिंतीला टेकून उभी होती. काल, चौथ्या रविवारी, मी ती बाहेर काढली आणि एकटी निघाले. कुठे गेले ते सांगणारच आहे, पण मला कुठलीही गोष्ट मधूनच सांगता येत नाही. पहिल्या पायरीपासून सांगावी लागते. वर्गात गणितही मी असंच सोडवते.

"बाई, तुमाला उत्तर म्हाईत आसतं, तरीबी पायऱ्या लिवत बसता," असं तू म्हणायचीस.

मांडवगणात मला सगळेच बाई म्हणतात. बावीस वर्षं इथल्या शाळेत गणित शिकवतेय. तुझ्या गिरणीतून दळण न्यायला लागल्याला दहा वर्षं होऊन गेली, तरी तुझ्या तोंडी 'बाई' आणि 'तुमी'च राहिलं. मी मात्र पहिल्या महिन्यातच तुला अगं-तुगं करायला लागले होते. तू वयाने तीन वर्षांनी मोठी होतीस, हे मला पुढे कळलं. तोवर सवय लागून गेली होती.

तीन वर्षांपूर्वी आपल्या दोघींच्या रक्तात एकाच महिन्यात साखर निघाली. शिरूरच्या डॉक्टरांनी दोघींना सारखंच सांगितलं, रोज चाला. चार दिवस चाललो. पाचव्या दिवशी तू गिरणीचा पट्टा चढवता चढवता म्हणालीस, "चालायला निघालं की वाटंत धा बाया थांबिवत्यात. कुठं चालला, का चालला, कुनी काय म्हनलं का घरात. आपल्या लेकी पुण्याला गेल्या, त्यांच्या सायकली हितं गंजत्यात. सायकलीवर बसलेल्या बाईला कुनी थांबिवत न्हाई."

रशीदमामांच्या पंक्चरच्या दुकानात आपण दोन्ही सायकली नेल्या. मामांनी टायर बदलले, चेनला तेल दिलं आणि विचारलं, "पोरी सुट्टीला येनार का?"

"आमीच पोरी, मामा," तू म्हणालीस. "सीट जरा खाली घ्या."

पहिल्या रविवारी सव्वातीन किलोमीटर झाले आणि दुसऱ्या दिवशी मला फळ्यावर हात वर नेता येईना. आज वही काढून बेरीज केली. एकशे सत्तावीस रविवार, दोन हजार तीनशे चौदा किलोमीटर. परीक्षांचे, पावसाचे आणि लग्नांचे रविवार सोडून. डांबरी मोठ्या रस्त्याला जायचं नाही हे आपलं आधीच ठरलं होतं. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर अंगावर येतात, आणि ट्रॅक्टरवाला गाण्याच्या आवाजात घंटी ऐकत नाही. म्हणून आपले रस्ते म्हणजे कालव्याच्या चारीच्या कडेचे, दोन गावांच्या शिवेवरचे, उसाच्या फडांमधले. या तीन वर्षांत मला कळलं की मांडवगणातून बाहेर पडायला एकवीस वाटा आहेत. बावीस वर्षं मी त्यातली एकच वापरत होते, एसटीची.

वही माझी होती. त्यात तारीख, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, किलोमीटर असे चार रकाने मी आखले होते. पाचवा तू आखायला लावलास. वाट कुणाला विचारली, तो रकाना. मी म्हटलं, त्याची काय गरज. तू म्हणालीस, "किलोमीटर काय, ते तिथंच ऱ्हानार. मानसं ऱ्हात न्हाईत." आता त्या रकान्यात पंधरा नावं अशा माणसांची आहेत जी राहिली नाहीत. सोळावं तुझं घालायला जागाच नाही, कारण वाट विचारणारी तू होतीस.

या वहीने आपली एकदा चांगलीच गंमत केली. नदीकाठच्या एका वस्तीवर तू वाट विचारत होतीस आणि मी घड्याळ बघून वहीत वेळ लिहीत होते. घरातली बाई पदर सावरून पुढे आली आणि तिने सांगायला सुरुवात केली, "आमच्यात नऊ मानसं. दोन म्हशी, येक गाय, पाच शेळ्या. थोरला कंपनीत हाय रांजणगावला, त्याला घरात धरायचं का न्हाई ते तुमी बघा." तिला आपण सर्व्हेवाल्या वाटलो होतो. मी खुलासा करणार तोच तू मला कोपराने ढोसलंस आणि गंभीर चेहऱ्याने विचारलंस, "गॅस हाय का चूल?"

"दोनी हाय."

"संडास?"

"हाय की. पन म्हातारा जात न्हाई त्यात."

ते सगळं मी लिहून घेतलं. लिहिलं नसतं तर तिला संशय आला असता. निघताना तिने विचारलं, "ह्याचं काय मिळंल आमाला?" आणि तू म्हणालीस, "परत आलो की च्या पाजा, मंग सांगतो." पुढच्या महिन्यात आपण खरंच गेलो आणि खरं सांगून टाकलं. ती इतकी हसली की चहा उतू गेला. नंतर तिचं दळण पाच किलोमीटरवरून तुझ्या गिरणीत यायला लागलं.

आपले नियम सगळे मी केले होते, हेही सांगितलं पाहिजे. बिबट्याची भीती म्हणून उजाडल्याशिवाय निघायचं नाही. थंडीत त्यामुळे पावणेसात व्हायचे. साडेनऊला माझ्या सासऱ्यांचं इन्सुलिन आणि त्यानंतर त्यांचा नाश्ता. म्हणजे हातात दोन तास पंचेचाळीस मिनिटं, निम्मा वेळ एक तास बावीस मिनिटं. आठ वाजून सात मिनिटांनी, जिथे असू तिथून, वळायचं. रस्ता किती का चांगला असेना. एकदा समोर करवंदांची जाळी होती आणि मी आठ-सातला वळायला लावलं. तू चार करवंदं तोंडात टाकून म्हणालीस, "तुमचा सासरा दीडशे वर्सं जगंल बगा, घड्याळ भ्यातंय तुमाला."

वाद घालायला आपल्याला विषय कमी पडले नाहीत, पण एक वाद शेवटपर्यंत चालला. तुझा कोस आणि माझा किलोमीटर. कोणी म्हणालं 'कोसभर हाय' की मी विचारायची, कोणाच्या मापाने? पुस्तकात कोस म्हणजे दोन मैल, साधारण सव्वातीन किलोमीटर. माणसांच्या तोंडी तो अर्धाही असतो आणि दुप्पटही. मी हँडलला मीटर लावून घेतला होता आणि प्रत्येकाचा कोस पडताळून बघायची. तू म्हणायचीस, "कोस पायानं मोजायचा आसतो. म्हातारी आन् पोर दोघं दमली की कोस झाला."

तुझं माहेर नदीपलीकडे, दौंड तालुक्यात. ते मला पहिल्या वर्षीच माहीत झालं होतं. तू तिथे जात नाहीस हे कळायला दुसरं वर्ष लागलं. चारीच्या कडेने चाललो होतो, चिखल वाळून रस्त्याला खाचा पडलेल्या, म्हणून उतरून सायकली ढकलत होतो. भाऊबीज तीन दिवसांवर होती. मी सहज विचारलं, दत्तू येणार का तू जाणार?

तू चाक खाचेतून बाहेर काढलंस. मग सांगितलंस. वडील गेल्यावर जमिनीच्या हक्कसोडीच्या कागदावर तुझी सही हवी होती. आपल्याकडे बहिणी करतातच ती सही, तूही करणार होतीस. "पन मागाय कोन यावं? चुलतभाऊ आला जीप घिऊन. म्हनला, 'अक्के, चल दौंडला, धा मिंटाचं काम हाय.' गेले. दत्तू तिथं बाकड्यावर बसलेला, मोबाईल बघत. मान वर न्हाई केली. मी सही केली आन् येष्टीनं घरी आले. बाई, दत्तूनं येऊन म्हनलं आसतं, अक्का, सही दे, तर मी हितं च्या पाजून अंगठ्यासकट दिली आसती."

"मग तू त्याला विचारलं का नाहीस?"

"मी का इचारू? मी थोरली हाय."

त्या भाऊबीजेला सही करून पाच वर्षं झाली होती. तो आला नाही, तू गेली नाहीस. मी तुला सांगितलं की दोघांपैकी एकाने हललं की प्रश्न सुटेल. तू म्हणालीस, "तुमच्या गणितात सुटंल."

तरीही मला वहीत दिसत होतं की त्या दिवसानंतर आपले रस्ते हळूहळू नदीकडे सरकायला लागले. 'आज खाल्लाकडं जाऊ', असं तूच म्हणायचीस. पावसाळा संपून बंधाऱ्याच्या मोऱ्यांत लोखंडी ढापे बसले, नदीला पाणी अडलं, आणि दिवाळीनंतर आपण पाच वेळा त्या बंधाऱ्याच्या अलीकडच्या टोकापर्यंत गेलो. घरापासून अकरा किलोमीटर. बंधाऱ्यावरून मोटारसायकली जातात, चालत माणसं जातात. पाचही वेळा तू सायकल उभी करून पलीकडे बघायचीस आणि म्हणायचीस, "चला, आठ-सात व्हतील."

सहाव्या वेळी तू तसं म्हणाली नाहीस.

संक्रांतीनंतरचा दुसरा रविवार. आपण आठ वाजून दोन मिनिटांनी बंधाऱ्यावर पोचलो. तू म्हणालीस, "बाई, आज जाऊ. हितनं कोसभर हाय आमची वस्ती. तोंड दावू आन् माघारी फिरू."

मी मोबाईल काढला. नकाशा सात किलोमीटर दाखवत होता. मी तुला हिशेब करून दाखवला. सात जायला बेचाळीस मिनिटं, तिथे अर्धा तास, सात यायला बेचाळीस, मग घरापर्यंत सव्वातास. अकरा वाजून जातात. तू म्हणालीस, "मोबाईल डांबरीनं नेतोय. नदीकडंच्या वाटंनं कोसभरच हाय, माझी आजी डोस्क्यावर पाटी घिऊन यायची." मी म्हटलं, तुझ्या आजीचा कोस मला माहीत नाही, सासऱ्यांचं इन्सुलिन साडेनऊला आहे हे माहीत आहे.

तू सायकल हाताने ढकलत बंधाऱ्यावर गेलीस, आणि थेट पलीकडच्या टोकाला पोचून उभी राहिलीस. पाठमोरी. मला वाटलं, दम खातेयस. चार मिनिटं झाली, मी घड्याळात बघितलं. मग तुला हाक मारली. दोनदा. तिसऱ्या हाकेला तू वळलीस.

अलीकडे आल्यावर म्हणालीस, "तू लई हुशार हायस." रागावलीस की तू मला अरेतुरे करायचीस. तीन वर्षांत ही तिसरी वेळ.

परतीच्या वाटेत शिवेवरच्या लिंबाखाली पाणी प्यायला थांबलो तेव्हा तू हँडलच्या पिशवीतून स्टीलची डबी काढलीस आणि माझ्यापुढे धरलीस. तिळगूळ होता. मी दोन वड्या घेतल्या. तू गोड बोला असं काही म्हणाली नाहीस आणि मीही म्हणाले नाही. वड्या कोणासाठी होत्या हे त्या क्षणी मला कळलं होतं. तरी मी खाल्ल्या. नऊ वाजून चोवीस मिनिटांनी मी घरी पोचले, वेळेत.

त्यानंतर अठरा दिवस तू होतीस. त्यात दोन रविवार आले. पहिल्याला मी तुझ्याकडे आले नाही, दुसऱ्याला तू. दळणाचा डबा मी आमच्या ह्यांच्याकडून पाठवला. पीठ मला लागतं तसंच आलं, पोळीचं बारीक. त्या पिठाच्या पोळ्या लाटताना रोज वाटायचं की आज संध्याकाळी गिरणीत जाऊन बसावं. दहावीची सराव परीक्षा चालू होती, पेपर तपासायचे होते. अठराव्या दिवशी सकाळी गिरणी चालू असतानाच तू बसल्या जागी गेलीस. ज्यांनी पाहिलं ते म्हणतात, पिठाच्या डब्यावर हात होता.

दशक्रियेला घाटावर खूप माणसं होती. तुला हसू आलं असतं. प्रवचन झालं, मग पाच पुढाऱ्यांनी श्रद्धांजली वाहिली. दोघे तुला ओळखत नव्हते आणि एकाने तुला शालिनीताई केलं. दत्तू घाटाच्या वरच्या पायरीवर बसला होता. तो स्मशानातही आला होता, पण तुझ्या घरी आला नाही. मी खालच्या पायरीवर होते. तो शेजारच्या माणसाला म्हणाला ते मला स्पष्ट ऐकू आलं, "अक्का रागातच गेली. सा वर्सं वाट बघितली, तिनं पाय ठिवला न्हाई."

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, बाई, तुम्ही दोन शब्द बोला, आणि माईक माझ्या हातात आला. दोनशे माणसं होती आणि त्यात दत्तू होता. त्याची अक्का त्याच्या दाराच्या वाटेवर तिळगूळ घेऊन उभी होती, हे जगात फक्त मला माहीत होतं. मी बोलले ते असं, "शालन कष्टाळू होती. तिच्या गिरणीतून दळण कधी कमी आलं नाही." आणि माईक पुढे दिला.

सांगायचं तर पुढचंही सांगावं लागणार होतं, की तिला परत कोणी बोलावलं. म्हणून मी गप्प बसले. त्यानंतर दोन आठवडे मी शाळेत गेले, पेपर तपासले, बेरजा केल्या. एका मुलाची बेरीज दोनदा चुकवली.

शनिवारी रात्री जेवताना मी ह्यांना म्हटलं, "उद्या आप्पांचं इन्सुलिन तुम्ही द्याल का? मला उशीर होईल."

"बरं," ते म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

एवढंच लागत होतं, शालन. एक 'बरं'. तीन वर्षांत मी त्यांना हे एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना सुई टोचता येते. आप्पांना पहिली दोन वर्षं तेच द्यायचे.

काल मी साडेसहाला निघाले. आता उजेड लवकर होतो. ऊस बराच तुटलाय. जिथे आपण दोन भिंतींमधून जायचो तिथे सगळं मोकळं, पाचट पडलेलं, आणि लांबवर नदी दिसत होती. सात वाजून अडतीस मिनिटांनी बंधाऱ्यावर पोचले. उतरले. आणि पाऊल उचलेना.

हे मी तुला कधी सांगितलं नाही. त्या बंधाऱ्याला कठडा नाही. एका बाजूला तुडुंब पाणी, दुसऱ्या बाजूला खाली खडक. मला त्याची भीती वाटते. आधीच्या पाच खेपांना तू 'चला' म्हणालीस की मला मनातून बरं वाटायचं. त्या रविवारी नकाशातले सात किलोमीटर बघूनही मला बरंच वाटलं होतं. आप्पांचं इन्सुलिन खरं होतं, वेळेचा हिशेबही खरा होता, पण त्या दोन्हींच्या मागे मी उभी होते. अंतर कमी निघालं असतं तर मी दुसरं काही काढलं असतं.

मी सायकल पाण्याच्या बाजूला धरली, पायाकडे बघत पावलं मोजली. दोनशे चौसष्ट. मधे एक मोटारसायकल आली तेव्हा अंग चोरून थांबले. मोटारसायकलवाला म्हणाला, "मावशी, वर बगा, खाली बगू नका." मी खालीच बघितलं.

पलीकडे पोचल्यावर, तू उभी होतीस तिथे उभी राहिले, आणि वर बघितलं. नदीकाठाने एक मातीची वाट जात होती. तिच्या टोकाला नारळाची दोन झाडं, निळ्या पत्र्याचं एक घर आणि त्याच्यापुढे जनावरांचा गोठा. चुलीचा धूर वर चढताना दिसत होता. त्या दिवशी तू दम खात नव्हतीस.

मीटर शून्यावर आणला आणि निघाले. घराच्या अंगणात आकडा बघितला. तीन पूर्णांक चार. तुझ्या आजीचा कोस दीडशे मीटरने चुकला, माझे सात किलोमीटर तीन हजार सहाशेने. हे वहीत लिहिलंय.

दत्तू गव्हाची पोती शिवत होता. त्याने मला ओळखलं. "बाई? सायकलीवर आल्या?" त्याच्या बायकोने पाणी आणलं. मी खाली बसण्याआधीच सांगून टाकलं, कारण बसले असते तर चहा आला असता आणि मग मला जमलं नसतं.

"दत्तूभाऊ, तुमची अक्का रागात गेली नाही. ती इथे यायला निघाली होती. संक्रांतीनंतर, जाण्याआधी अठरा दिवस. बंधाऱ्याच्या या टोकाला येऊन उभी होती. पिशवीत तुमच्यासाठी तिळगूळ होता."

त्याने सुई पोत्यात तशीच ठेवली. "ह्या टोकाला?"

"हो."

"मंग?"

"मी पलीकडे होते. मी तिला हाका मारून परत बोलावलं. तिळगूळ मी खाल्ला."

 त्याची बायको बोलली, आणि तिने तेच विचारलं जे कोणीही विचारलं असतं. "का वो बाई? का बोलावलं माघारी?"

इन्सुलिन तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं. "बंधाऱ्यावरून यायची मला भीती वाटली. तिला तसं सांगितलं नाही. वेळ नाही म्हणून सांगितलं."

 गोठ्यातली म्हैस साखळी ओढत होती. मग दत्तू म्हणाला, "त्या ऐतवारी मी हितंच व्हतो. हा गहू भिजवत व्हतो." आणि पोत्याकडे बघत राहिला. त्याच्या बायकोने डोळ्याला पदर लावला. मी उभीच होते. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. ती आत जाऊन चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बसा. त्या बंधाऱ्यावर आमची म्हसबी चढत न्हाई."

चहा पिऊन झाल्यावर दत्तूने जे सांगितलं ते तुला सांगायचं म्हणूनच हे सगळं लिहितेय. त्याचे शब्द आहेत तसे ठेवते. "सही मागाय मीच जायाचं व्हतं. जीप दारात हुबी केली व्हती. पन अक्काच्या तोंडाम्होरं कसं म्हनायचं, तुझं दे म्हनून? तिनं मला कडंवर घिऊन वाडवला. लाज वाटली. म्हनून चुलतभावाला धाडला. ती न्हाई म्हनली आसती तर बरं झालं आसतं बाई, भांडून तरी आलो आसतो. तिनं गपचिप सही केली. तवापास्नं तोंड दावायचं व्हईना."

लाज होती, शालन. तू जे समजलीस ते नव्हतं. मान वर केली नाही ती त्यामुळे. सहा वर्षं तो तिकडे लाजून बसला आणि तू इकडे थोरली म्हणून, आणि मधे एक कोस होता. तुला हे त्याच्याच तोंडून ऐकायला मिळालं असतं. मिळालं नाही, त्यात माझा वाटा किती हे मी काढून पाहिलं. निम्म्याच्या खाली येत नाही.

मी निघाले तेव्हा तो उठला. "अक्काच्या घरी आत्ता कोन आसंल?"

"तुमचे दाजी असतील. सून गिरणीत."

"मंग येतो मी." त्याने मोटारसायकल काढली. मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, माझी सायकल हळू चालते आणि बंधारा तर मी चालतच ओलांडणार. तो म्हणाला, "न्हाई. तुमी म्होरं. अक्का जिथनं यायची तिथनंच न्या मला."

बंधाऱ्यावर तो गाडी बंद करून, ढकलत, माझ्या मागे चालला. मला दोनशे एकसष्ट पावलं लागली. पुढे चारीच्या कडेने, शिवेच्या वाटेने, तोडलेल्या फडांमधून मी पायडल मारत होते आणि तो मागे पहिल्या गिअरमध्ये येत होता. वळणावर गाडी थांबवायचा. हितं बसायची का अक्का? हितं काय म्हनायची? ज्या वस्तीवर आपण सर्व्हे केला होता तिथे मी त्याला तो सांगितला, म्हातारा आणि संडाससुद्धा. तो गाडीवरच हसला आणि मग बराच वेळ त्याला गाडी चालू करता आली नाही. त्या घरातल्या बाईने दारातून आम्हाला बघितलं, तू दिसली नाहीस म्हणून पुढे आली. तू गेल्याचं तिला मी सांगितलं. अकरा किलोमीटरला दोन तास पाच मिनिटं लागली. वहीतला सगळ्यात कमी वेग.

तुझ्या दारात पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. दाजी ओट्यावर बसले होते. दत्तूने गाडी उभी केली, चपला काढल्या आणि पायरीशी उभा राहिला. दाजींनी त्याच्याकडे बघितलं, माझ्या सायकलकडे बघितलं, आणि सरकून ओट्यावर जागा केली.

मी सायकल वळवली. पुढचं तुमच्या घरातलं आहे. ते ऐकायला मी थांबले नाही.